मापवहीत कुणीच जाड झालं नाही

माझ्या मापवहीत गेल्या एकोणीस वर्षांत एकही माणूस जाड झालेला नाही. नव्वद ड्रायव्हर, पन्नास कंडक्टर, आणि प्रत्येकाची कंबर नोकरीला लागला त्या दिवशी होती तेवढीच. इतकी शिस्तीची पोटं जगात दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. वही माझी, अक्षर माझं आणि खोटेपणाही माझाच. आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढे मला कुणी सत्याची पुतळी समजायला नको.

मी बस डेपोच्या शिलाई खोलीत कटिंग करते. सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात. खोली वर्कशॉपच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाला लागून. आत दोन मशिनं, एक लांब टेबल, एक इस्त्री आणि भिंतभर खिळे. प्रत्येक खिळ्याला जाड तपकिरी कागद लटकलेला. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. माणसाच्या मापाने तो एकदा कापून ठेवायचा, मग दर वेळी कापडावर ठेवून खडूने कड आखायची, की पँट बेतता येते. फर्म्यावर बिल्ल्याचा नंबर लिहिलेला असतो. माणूस निवृत्त होईपर्यंत त्याचा फर्मा तोच.

माझ्या आधीच्या मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "आकडा माणसाला वाचून दाखवायचा नाही, बाई. कागदाला कळला म्हणजे झालं." वर्षातून दोनदा गणवेश शिवायचे. माप द्यायला आलेला माणूस आधी पोट आत ओढतो, श्वास रोखतो आणि छताकडे बघतो, जणू तिथे काही लिहून ठेवलंय. मी टेप फिरवायची, आकडा मनात धरायचा आणि तोंडाने "झालं, पळ" म्हणायचं. कंबर एक-दीड इंच वाढली असेल तर फर्म्याच्या कडेला तेवढी कागदाची पट्टी खळीने चिकटवायची. वहीत मात्र मागच्या वर्षीचाच आकडा उतरवायचा. कारण नोकरीला लागतानाच्या मापात आणि आताच्या मापात दोन इंचांहून जास्त फरक दाखवला की कार्यालयातून फॉर्म यायचा. त्यात एक रकाना होता, "मापात वाढ होण्याचे कारण". त्या रकान्यात भल्या माणसाने काय लिहायचं? म्हणून जुने मास्तर आकडा लपवायचे आणि त्यांच्यामागून मीही. पँट बरोबर बसायची, माणूस खूश, कार्यालय खूश.

माझा धाकटा भाऊ याच डेपोत ड्रायव्हर आहे. त्याला सगळे बारक्या म्हणतात. लहानपणी तो एवढा काटकुळा होता, की आई त्याच्या चड्डीला दोन नाड्या घालायची. जेवणाचं ताट दोन्ही हातांत धरून तो घरभर गाडी चालवायचा, तोंडाने गिअर टाकायचा, आणि आजी मध्ये आली तर हॉर्न वाजवायचा. डेपोत लागला तेव्हा कंबर अठ्ठावीस. वहीत अजूनही अठ्ठावीसच आहे. आता माझ्या खोलीच्या दाराचं एकच फळकूट उघडं असेल तर तो आधी दुसरं उघडतो आणि मग आत येतो. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पहिल्यांदा स्टिअरिंग हातात मिळालं त्या दिवशी घरी येऊन तो हमसून हमसून रडला होता. ती सीट त्याच्याकडून काढून घेतली तर त्याचं काय उरेल, या विचाराने मला कायम धास्ती वाटायची.

आणि त्याच सीटवर गदा आली. झालं असं, की एका ड्रायव्हरला भर दुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि बस दुभाजकावर चढली. नशिबाने कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दोन दिवसांनी गुरुवारी बोर्डावर नोटीस लागली. चाळीस इंचांहून जास्त कंबर असलेल्या चालकांना गाडीवरून उतरवून यार्डाच्या कामाला लावण्यात येईल. मापं पुढच्या बुधवारी सकाळी दहा वाजता यार्डात, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचून घेतली जातील. माप घेणार, शिलाई खोली. खाली डेपोसाहेबांची सही.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी वही त्यांच्यासमोर उघडी होती. "मास्तरीणबाई, ही वही आहे की कविता?" ते म्हणाले. "अठ्ठावीस, तीस, एकोणतीस. खिडकीतून बघा जरा बाहेर. कोण तुम्हाला तीस इंची दिसतंय?"

मी खिडकीतून बघितलं. कुणीच दिसलं नाही.

"खाण्यावर ताबा नाही या लोकांचा," साहेब म्हणाले. "पाच-सहा जणांना खाली उतरवलं, की बाकीचे आपोआप सुधारतील. बुधवारी खरी मापं घ्यायची. आणि राग मानू नका, पण तुम्हीही जरा मनावर घ्या."

राग कसा नाही मानायचा? मी जाड आहे. हा शब्द मला टोचत नाही. टोचतात ते गुडघे, आणि सकाळ-संध्याकाळची साखरेची गोळी. पण मला पाहिल्याबरोबर ज्याला त्याला डॉक्टर व्हायची हौस येते, ते माझ्या डोक्यात जातं. साहेबांच्या मागे भिंतीवर फ्रेममध्ये त्यांचं प्रमाणपत्र लटकलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ड्यूटीचा नवा तक्ता बसवला, त्याच गाड्या आणि तेवढ्याच माणसांत दीडपट फेऱ्या काढून दाखवल्या, त्याबद्दलचं. मी ते वाचत उभी राहिले, म्हणजे तोंडातून काही बाहेर पडायला नको.

त्यानंतर माझ्या खोलीत रांग लागली. आधी आला भोंगा. हा डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर, आणि हळू बोलणं त्याला जमत नाही. "बाई, तुमच्या हातात आहे सगळं," तो माझ्या कानाशी ओरडला. "एकोणचाळीस म्हणा. टेपचं टोक जरा सैल धरलं तर कोण बघतंय?" मग दुसरा आला, मग तिसरा. एकाने तर टेपच्या पहिल्या पाच इंचांवर काळी चिकटपट्टी लावायची युक्ती सुचवली. मी सगळ्यांना "बघू" म्हटलं. एकोणीस वर्षं ज्यांचे आकडे पोटात ठेवले, त्यांना नाही कसं म्हणणार?

रविवारी दुपारी बारक्या बायकोला आणि मुलाला घेऊन माझ्या घरी आला. पंख्याखाली बसून घाम पुसत राहिला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "ताई, माझं साडेएकोणचाळीस लिही. चाळीस नको, संशय येईल."

"आहे किती?"

"तुला माहीत नाही का?"

मला माहीत होतं. चव्वेचाळीस.

"ताई, मला गाडीवरून उतरवलं तर मी झाडू मारत फिरणार का यार्डात? ज्या गाड्या चालवल्या त्या धूत बसू? बावीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला. तू माझी सख्खी बहीण आहेस. टेप तुझ्या हातात आहे."

मी काही बोलायच्या आत त्याच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. पाण्याचा नळ सोडला आणि आवाजाच्या आडून म्हणाली, "वन्सं, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. वर्षापूर्वी साखर निघालीय. गोळ्या आणल्या, चार दिवस घेतल्या आणि कपाटात टाकल्या. डेपोत कळलं तर गाडी जाईल म्हणतात. पायाला बुटाची जखम झालीय, दोन महिने भरत नाही. झोपेत घोरता घोरता श्वासच अडकतो त्यांचा, मी हलवून जागं करते. आणि संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणतात. मी काय करू?"

तिने नळ बंद केला. बाहेर बारक्या माझ्या भाच्याला गिअरचा आवाज काढून दाखवत होता.

त्या रात्री माझ्या जिवाला चैन नव्हतं. साडेएकोणचाळीस लिहिलं तर त्याची सीट वाचते, आणि तो दिव्यांभोवतीची कडी बघत साठ माणसं घेऊन फिरतो. चव्वेचाळीस वाचलं तर माझ्याच तोंडून माझ्या भावाची गाडी जाते. आणि मी आपल्या माणसांसाठी टेप सैल धरली, तर खाली उतरतील ते कोण? ज्यांना माझ्याकडे यायची लाज वाटली तेच पाच-सहा जण. साहेबांना तेवढेच हवे होते.

सोमवारी सकाळी खोली उघडली आणि बारक्याचा फर्मा खाली काढला. किती खोटं बोलावं लागेल, ते तरी नीट बघावं म्हणून. खिडकीच्या उजेडात धरला. मूळचा तपकिरी कागद आणि त्याच्या कडेला एकाला लागून एक पांढऱ्या पट्ट्या, एकूण तेरा. शेवटची पट्टी सुटत आली होती, म्हणून अंगठ्याने दाबली, आणि तिच्यावरची छापील अक्षरं वाचली.

या पट्ट्यांचा कागद मी विकत आणत नाही. दर आठवड्याला ड्यूटीचा तक्ता बदलला, की जुना तक्ता नियंत्रण कक्षातून माझ्याकडे रद्दीत येतो. कागद जाड, चांगला चिवट. त्यातूनच मी पट्ट्या कापते. म्हणजे प्रत्येक पट्टीवर त्या त्या आठवड्याची तारीख, ड्यूटीचे तास आणि जेवणाची सुट्टी छापलेली. एकोणीस वर्षं मी त्यावर खळ लावली आणि एकदाही वाचलं नाही. शिवणाऱ्याला कागदाची कड दिसते, कागद दिसत नाही.

बारक्याच्या तेराही पट्ट्या नवीन तक्त्याच्या होत्या. "ड्यूटी १२ तास. जेवण १२ मि." तेराही ठिकाणी तेच. मग भोंग्याचा फर्मा काढला. त्याची एक पट्टी जुनी होती, "ड्यूटी ८ तास, जेवण ६० मि." अशी. त्या वर्षी त्याचं उशिरा का होईना लग्न झालं होतं आणि सासूने त्याला खाऊ घालून घालून फुगवला होता, ते मला आठवतं. बाकीच्या दहा नवीन. मग तिसरा, चौथा, पन्नासावा. दुपारपर्यंत टेबलावर, मशिनवर, जमिनीवर फर्मेच फर्मे. जुन्या तक्त्याच्या पट्ट्या साऱ्या भिंतीत मिळून पंधरा-वीस असतील. नवीन तक्त्याच्या मी मोजायच्या सोडून दिल्या.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. त्याच वर्षी कॅन्टीन बंद झालं. तिथे तिकीट मशिनांची खोली झाली. त्याच वर्षी गेटपाशी नाणं टाकायचं यंत्र आलं, त्यातून गोड पाण्याची थंड बाटली आणि क्रीमची बिस्किटं पडतात. बारा मिनिटांत डबा उघडून, खाऊन, लघवीला जाऊन परत सीटवर यायचं, तर माणूस डबा आणायचंच सोडून देतो. एका हाताने खाता येईल ते खातो. अगोदर शिफ्ट सुटल्यावर पोरं यार्डात चेंडू खेळायची. बारक्या गोलकीपर असायचा. शेवटचा चेंडू तिथे कधी उडाला ते कुणालाही सांगता येणार नाही. मला रडू आलं, आणि ते सगळं रागाचं होतं. अर्धा राग त्या फ्रेममधल्या प्रमाणपत्रावर होता आणि अर्धा माझ्या खळीच्या डब्यावर.

भिंतीवर एक फर्मा उरला होता. एकाहत्तर नंबर, हसऱ्याचा. हसऱ्या मागच्या वर्षी शेवटच्या स्टॉपवर गेला. आधी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि मग मान टाकली. सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याचा फर्मा खिळ्यावरून उतरवायला माझा हात धजला नव्हता. त्या दिवशी उतरवला. अकरा पट्ट्या.

डेपोच्या दवाखान्यात मंगळवारी डॉक्टरीणबाई येतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण फटकळपणात माझ्या वरचढ. त्यांना हाताला धरून खोलीत आणलं. त्या फर्म्यांमधून वाट काढत फिरल्या, खाली वाकून वाचत गेल्या, आणि मग टेबलाच्या कडेला टेकल्या.

"माझ्याकडे या एकशे चाळीस जणांपैकी त्रेसष्ट जण गोळ्या घेतात," त्या म्हणाल्या. "साखरेच्या, रक्तदाबाच्या, नाहीतर दोन्हीच्या. मी एकेकाला बसवून विचारत होते, काय खाता, किती चालता. शरमेने माना खाली घालायचे बिचारे."

"पण डॉक्टरीणबाई, खरं सांगा. जाडीनेच होतं का हे सगळं? की आम्हाला उगाच झोडपतात?"

"झोडपतात ते उगाचच. पण होतं मात्र खरंच," त्या म्हणाल्या. "पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठली, की शरीर साखरेला जुमानेनासं होतं. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, गुडघे झिजतात. गळ्याभोवती साठली की झोपेत श्वास अडकतो, मग माणूस दिवसा पेंगतो. दुभाजकावर गाडी चढली ती तशीच. सगळ्यांना होतं असं नाही, बारीक माणसांनाही होतं. पण शंभर माणसांचा घेर वाढला, की त्यातली किती आजारी पडणार, याचा अंदाज मला आधीच बांधता येतो. मास्तरीणबाई, एका माणसाचं पोट सुटलं तर त्याला विचारावं, बाबा रे, काय खातोस. शंभर जणांचं एकाच वर्षापासून सुटायला लागलं, तर विचारायचं, त्या वर्षी काय झालं."

मी त्यांना बारक्याचं सांगितलं. जखम, कडी, कपाटातल्या गोळ्या, सगळं.

"त्याला गाडीवर ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "निदान डोळे तपासेपर्यंत तरी. तुम्ही लपवलंत तर तो पायही घालवेल. हे तुम्हाला कळतंय म्हणूनच सांगितलंत ना मला?"

बुधवारी सकाळी आठलाच मी यार्डात गेले. बसची सीटकव्हरं वाळत घालायला तिथे तारा बांधलेल्या आहेत. एकशे बेचाळीस फर्मे मी चिमट्यांनी त्या तारांवर लावले, पट्ट्या बाहेरच्या बाजूला. वाऱ्याने ते फडफडायला लागले. दहाच्या सुमाराला माणसं जमली. आधी हसली, मग जो तो आपला नंबर शोधायला लागला. आपला फर्मा सापडला, की माणूस बोटाने पट्ट्या मोजायला लागायचा. भोंगा एकाहत्तर नंबरपुढे उभा राहिला आणि चक्क हळू आवाजात म्हणाला, "अरे, हा तर आपला हसऱ्या."

साहेब आले. "हा काय तमाशा मांडलाय?"

"मापं आहेत, साहेब. तुम्हीच म्हणालात, सगळ्यांसमोर आणि मोठ्याने."

"हे काढा सगळं आधी."

"काढते. काम झालं की काढते. पहिलं माप माझं घ्यायचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कमरेला टेप गुंडाळली. एकशे चाळीस पुरुषांसमोर मी हात वर करून उभी राहिले. पोट आत ओढलं नाही. "सेहेचाळीस!" मीच ओरडले. "नीट ऐकू आलं का मागे? सेहेचाळीस! आणि मला साखरही आहे." वहीचं नवं पान उघडून पहिल्या ओळीत माझं नाव आणि सेहेचाळीस लिहिलं. एकोणीस वर्षांत त्या वहीत उतरलेला तो पहिला खरा आकडा.

"दुसरं माप अठ्ठ्याऐंशी नंबर."

बारक्या पुढे आला. माझ्या डोळ्यांत बघत आला. अजूनही त्याला खात्री होती, ते मला दिसत होतं. त्याने पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि वर बघितलं.

"श्वास सोड," मी म्हणाले.

सोडेना. मी टेप तशीच धरून थांबले. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी त्याला श्वास सोडावाच लागला.

"चव्वेचाळीस," मी वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण सगळ्यांचं मोठ्याने वाचायचं ठरवलं होतं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. "कोण हसला रे तो?" भोंगा गरजला. "ये पुढे, तुझं घेऊ!" त्यानंतर कुणी हसलं नाही.

"संपवलंस मला, ताई," बारक्या म्हणाला. फक्त मला ऐकू येईल एवढंच. मग तो चालत आपल्या गाडीकडे गेला, वर चढला आणि किल्ली नसलेल्या गाडीत सीटवर जाऊन बसून राहिला.

मी पुढचं माप घेतलं. दुसरं काय करणार होते? डोळे भरून आले की आकडे पुसट दिसायचे, म्हणून दोनदा टेप धरावी लागली. पण एकही आकडा सैल सोडला नाही. पंधरा-वीस मापं झाल्यावर मात्र रांगेचा रंग पालटला. माणसं पोट आत ओढेनाशी झाली. पुढे येऊन आपणच बोंब ठोकायची, "बेचाळीस! लिहा बाई!" भोंग्याने आपला आकडा एवढ्या जोरात पुकारला, की गेटवरचा रखवालदार धावत आला.

साडेअकराला बेरीज झाली. नव्वद ड्रायव्हरांपैकी चाळीस इंचांच्या वर एकसष्ट.

"साहेब," मी म्हणाले, "नोटिशीप्रमाणे एकसष्ट जण खाली उतरले. उद्या सकाळी गाड्या कोण काढणार? तुम्ही आणि मी?"

साहेबांनी पाच-सहा धरले होते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "खाण्यावर ताबा नसेल तर..." त्यांनी सुरुवात केली.

"साठ जणांची जीभ एकाच वर्षी सैल सुटली का, साहेब? त्या पट्ट्या वाचा. जेवणाला बारा मिनिटं. तुमच्या केबिनमध्ये फ्रेममध्ये लावलाय ना, तोच हा तक्ता. आम्ही तो अंगावर लावून फिरतोय." आणि मग राहवलं नाही म्हणून म्हणाले, "तुमच्या कोटाचा फर्मासुद्धा त्या टोकाला आहे. चौतीसचे एक्केचाळीस झालेत. तुम्हीही बारा तास खुर्चीत असता. मी तुम्हाला खादाड म्हटलं नाही कधी."

साहेब त्या टोकाला गेले. आपला फर्मा हातात धरून त्यांनी पट्ट्या वाचल्या. मग केबिनमध्ये गेले. वाईट माणूस नाही तो. पण नऊ वर्षं तो फक्त फेऱ्या मोजत होता.

एकसष्टांचा आकडा वरच्या कार्यालयात पोचला आणि चौकशी समिती बसली. तिथे मला वाटलं होतं त्याच्या उलटंच झालं. समितीतल्या एका गृहस्थाने माझी जुनी वही पुढे सरकवली. "अधिकृत नोंद ही आहे," ते म्हणाले. "हिच्यात नऊ वर्षांत एकाचंही माप वाढलेलं नाही. मग तुमच्या या चिकटवलेल्या कागदांवर विश्वास का ठेवायचा?"

माझाच खोटेपणा माझ्यासमोर आणून ठेवला होता त्यांनी. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"वही खोटी आहे," मी म्हणाले. "मी खोटी लिहिली. माणसांना लाज वाटू नये म्हणून लिहिली, आणि त्यामुळे कुणाला काही दिसलंच नाही. दर वर्षी खरा आकडा लिहिला असता, तर तिसऱ्याच वर्षी कुणीतरी विचारलं असतं. हसऱ्या कदाचित आज असता. काय शिक्षा द्यायची ती द्या मला. पण कागदाने खोटं सांगितलं असतं तर पँटी बसल्या नसत्या."

मला लेखी ताकीद मिळाली. ती मी शिलाई खोलीत फ्रेम करून लावली आहे. कमरेवरून कुणालाही गाडीवरून उतरवायचं नाही, तपासण्यांवरून डॉक्टर ठरवतील, असा निर्णय झाला. सहा महिन्यांसाठी आठ तासांचा तक्ता आणि जेवणाला पाऊण तास. तासाच्या ऐवजी पाऊण का, यावर भोंगा अजून भांडतोय. तिकीट मशिनांची खोली हलवून कॅन्टीन परत सुरू झालं.

डॉक्टरांनी तपासून अकरा जणांना गाडीवरून उतरवलं. त्यात बारक्या होता. साखर डोळ्यांपर्यंत पोचली होती. पाय थोडक्यात वाचला. सहा महिने उपचार, मग पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही गाडी मिळेलच असं नाही. त्याला नियंत्रण कक्षात तक्ते लावायच्या कामावर बसवलं. तो माझ्याशी बोलेना. समोरून आला तर रस्ता बदलायचा. त्याची बायको फोन करायची, "वन्सं, गोळ्या घेतात, चालायला जातात, पण तुमचं नाव काढलं की ताटावरून उठतात." माझं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. पण रोज संध्याकाळी घरी जाताना त्याच्या सीटवर दुसरा ड्रायव्हर बसलेला दिसायचा, आणि मी नजर वळवून चालू पडायची.

तीन महिन्यांनी गणवेशाची मापं आली. नंबराप्रमाणे सगळे येऊन गेले. आता आकडा मी मोठ्याने वाचते आणि तोच वहीत लिहिते. अठ्ठ्याऐंशी नंबर आला नाही. मी त्याचा फर्मा टेबलावर काढून ठेवला आणि खोली बंद करायला उठले, तेव्हा दाराचं फळकूट उघडलं. एकच फळकूट. त्यातून बारक्या जरा तिरका होऊन आत आला.

हात वर करून उभा राहिला. छताकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत होता.

"साडेबेचाळीस," मी वाचलं, आणि लिहिलं.

त्याच्या बगलेत कागदाची गुंडाळी होती. त्याने ती उलगडली. त्याच आठवड्याचा ड्यूटीचा तक्ता, त्यानेच बनवलेला. आठ तास, जेवणाला पंचेचाळीस मिनिटं, आणि खाली कोपऱ्यात त्याची सही. रद्दीतले जुने तक्ते मी ज्या खिळ्याला अडकवते, त्या खिळ्यावर त्याने तो लावला, हाताने नीट सपाट केला आणि माझी कात्री टेबलावरून उचलून खणात टाकली.

"यातून पट्टी कापायची नाही, ताई," तो म्हणाला.